मुलुंडचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालायला निघालेले सहदेव घाडी पोटात अन्न ठेवत नसत. सकाळी अंघोळ, त्यावर एक कप कोरा चहा, आणि मग नारळ ठेवून देवाला सांगणं होईपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. हा नियम त्यांच्या वडिलांचा. वडील कणकवलीकडच्या गावी देवळात गाऱ्हाणं घालायचे. मुलगा मुंबईला मिलमध्ये लागला, मिल बंद पडल्यावर एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसला, पण नियम त्याने सोडला नाही.

घाटकोपरच्या भटवाडीत सगळे त्यांना नाना म्हणत. कोणी रिक्षा घेतली, कोणाच्या मुलीला नोकरी लागली, कोणाकडे बारसं असलं की नानांना बोलावणं जायचं. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल अशा वेषात नाना नारळासमोर हात जोडून उभे राहायचे. आवाज खर्जातला. ते घरच्यांच्या वतीने देवाला एकेक गोष्ट सांगायचे आणि जमलेली माणसं प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायची. चाळ पाडून इमारत झाली तेव्हा त्यांनी लिफ्टचंसुद्धा गाऱ्हाणं घातलं होतं. “बा देवा म्हाराजा, ह्या लिफ्टीक मधीच अडकाची सवय लावू नको, आणि अडकलीच तर आत सेक्रेटरी आसांदेत रे म्हाराजा!” सेक्रेटरीसकट सगळी इमारत हसत हसत ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली होती.

मालनकाकी, त्यांची बायको, या कार्यांना क्वचितच जायच्या. पण निघण्याआधी नाना घरात फेऱ्या मारत सगळं एकदा म्हणून बघायचे, आणि काकी आतून भाकरी थापता थापता ‘व्हय म्हाराजा’ म्हणायच्या. दुपारी नाना टॉवेलात गुंडाळून नारळाची वाटी आणायचे. गाऱ्हाणं घालणाऱ्याचा तो मान. ती हातात देऊन म्हणायचे, “काम झाला. वाढ आता.” त्या नारळाची सोलकढी व्हायची.

विसरण्याची सुरुवात झाली तेव्हा कोणाला फार काही वाटलं नाही. वय झालं, असंच सगळे म्हणाले. आधी नावं गेली, मग वाटा गेल्या, मग सिद्धेश गेला. पोटचा मुलगा समोर जेवायला बसला की नाना काकींना बाजूला घेऊन विचारायचे, “हो पावणो किती दिवस रवतलो?” सिद्धेश हसून म्हणायचा, “जातो हां काका, आठवड्याभरात,” आणि नंतर बराच वेळ मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचा. सून दीप्ती नानांना औषध द्यायची. ते तिला सिस्टर म्हणायचे आणि तिच्यावर खूश असायचे.

मग एका दुपारी नानांनी गॅलरीच्या कठड्यावर पाय टाकला. खालून भजनाची मंडळी हाका मारतायत म्हणाले. घर तिसऱ्या मजल्यावर. सिद्धेश सुट्टी होती म्हणून घरी होता. त्याने मागून मिठी घालून त्यांना ओढलं, तेव्हा नानांनी त्याच्या मनगटाला असा चावा घेतला की टाके पडले. नंतरचे दिवस याहून वाईट गेले. नानांना झोप नव्हती, औषध ते थुंकून टाकत होते, दार लावलं की दारावर डोकं आपटत होते.

डॉक्टर शर्मिष्ठा मुलुंडच्या एका मानसोपचार रुग्णालयात होत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. औषधं बदलून बघावी लागतील, ते घरी होणार नाही, काही दिवस आत ठेवावं लागेल. नाना तयार होणार नाहीत हे त्यांनाही दिसत होतं. अशा वेळी दोन डॉक्टरांनी तपासून मत द्यायचं आणि घरच्या माणसाने सही करायची, म्हणजे पेशंटची इच्छा नसली तरी दाखल करता येतं.

“जबरदस्तीने?” काकींनी विचारलं.

“हो, मावशी. दुसरा चांगला शब्द माझ्याकडे नाहीये.”

सही करायला सिद्धेश तयार झाला. पण नानांना न्यायचं कसं? पहिल्या दिवशी गाडी आली आणि तशीच परत गेली. नाना जिन्याच्या कठड्याला धरून बसले. शेजारी दारात आले. सिद्धेश आणि ड्रायव्हर त्यांची बोटं एकेक करून सोडवत होते आणि नाना काकींकडे बघून ओरडत होते, “बाये, पोलिसांका बोलव! ह्ये माका खय नेतत?” काकींनीच गाडी परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नानांना अंघोळ घातली, पेटीतला पांढरा शर्ट काढला, टोपी दिली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि कोरा चहा हातात दिला.

“अवो, मुलुंडाक एकांनी नवीन घर बांधल्यानी हा. गाऱ्हाण्याक तुमका बोलवल्यानी.”

नाना ताठ झाले. “नारळ घेतलंस?”

“घेतलंय.”

“मगे चल. लोक उपाशी ठेवूचे नाय.”

ते स्वतः जिना उतरले. गाडीत बसताना त्यांनी ड्रायव्हरला घरचं सगळं बरं ना, म्हणून विचारलं. सिद्धेश आईच्या कानाशी म्हणाला, “आई, तू कमाल आहेस यार.” काकींच्या मांडीवरच्या पिशवीत नारळ होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

रुग्णालयाच्या चकचकीत फरशीवर नाना चपला काढायला लागले. “घर मोठा बांधल्यानी,” ते म्हणाले. “यजमान खय?” दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं ते त्यांना यजमानांचे भाऊ वाटले. सिद्धेशने सह्या केल्या. काउंटरवरच्या बाईंनी नानांच्या चपला एका पिशवीत घालून ठेवल्या आणि नारळ काकींना परत दिला. जड वस्तू वॉर्डात चालत नाही. मग काचेची खिडकी असलेलं एक दार उघडलं. नाना टोपी नीट करत आत गेले आणि दार लागलं.

काकींना वाटलं होतं, सगळं विसरणारा माणूस हेही तासाभरात विसरेल.

भेटायला दुपारचा एक तास असायचा. दुसऱ्या दिवशी काकी गेल्या तर वॉर्डबॉय चंद्रप्रकाश दारातच म्हणाला, “माताजी, अंकल खाते नहीं. थाली सरका देते हैं.” चंद्रप्रकाश जाडजूड, केस पिकलेला माणूस होता. पेशंटांशी तो मोठ्याने आणि प्रेमाने बोलायचा, सगळेच बहिरे असल्यासारखा.

नाना खाटेवर टोपी घालून बसले होते. शेजारच्या खाटेवर नंदकुमार नावाचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. ते येणाऱ्या प्रत्येकाला टोकन नंबर विचारत.

“टोकन?” त्यांनी काकींना विचारलं.

“नाही हो माझ्याकडे.”

“मग बसा. लंच टाइम आहे.”

काकींनी डबा उघडला. नानांच्या आवडीची कुळथाची पिठी आणि भात. नानांनी वास घेतला. जीभ ओठांवरून फिरली ती काकींना दिसली. मग त्यांनी डबा हलकेच मागे सारला. “आता नको, बाये. मगे.”

तिसऱ्या दिवशीही तेच. हाताला लावलेली सलाइनची नळी नानांनी ओढून काढली होती, तिथे कापूस चिकटवला होता. चेहरा आत गेला होता. डॉक्टर शर्मिष्ठा म्हणाल्या, कधी कधी अशा आजारात जेवणात विष घातलंय असं वाटतं. औषधानं ते कमी होईल, पण उपाशीपोटी औषधं किती देणार? उद्यापर्यंत काही पोटात गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

“ती पण ओढतील ते.”

“हात बांधावे लागतील, मावशी. थोडा वेळच. पण बांधावे लागतील.”

काकी वॉर्डात आल्या तेव्हा चंद्रप्रकाश दुधाच्या चहाचा कप परत नेत होता. “चाय भी नहीं लेते. बोलते हैं, दूध वाली नहीं, काली दो.”

काकी जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग वळून त्यांनी नानांकडे बघितलं. टोपी. खांद्यावर घडी केलेला टॉवेल. दाराकडे लागलेली नजर.

“अवो,” त्या जवळ जाऊन म्हणाल्या, “तुमी जेवत कित्या नाय?”

नानांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. दुसऱ्याच्या घरात बसून घरच्यांची उणीदुणी काढू नयेत, अशा बेताने. “अजून नारळ ठेवक नाय ह्येंनी. यजमानाचो पत्तो नाय. लोक बरे आसत, पण पद्धत नाय म्हायत.”

घर विसरले होते, मुलगा विसरले होते, बायकोला बाये म्हणून हाक मारत होते. उपास तेवढा विसरले नव्हते. आणि तो उपास काकींनीच त्यांच्या गळ्यात घातला होता, पांढऱ्या शर्टासकट.

“अवो, गाऱ्हाणा झाला,” त्या घाईने म्हणाल्या. “सकाळीच झाला. खावा आता.”

नानांचा चेहरा बदलला. “झाला? कोणी घातल्यान?”

काकींना नाव सुचेना.

“माका बोलवन हाडल्यानी आणि दुसऱ्याकडसून घालून घेतल्यानी?” नाना उभे राहायला गेले, खाट धरून परत बसले. डोळ्यांत पाणी आलं. “असा कोणी करीत नाय गो. माझ्या बापाशीक पण असा कोणी करूक नाय.”

“नाय नाय. चुकलंय मी. नाय झाला अजून.”

“मगे रवतंय,” नाना म्हणाले, आणि पुन्हा दाराकडे बघायला लागले.

बाहेर पडल्यावर काकींनी सिद्धेशला सगळं सांगितलं. तो ऑफिसातून अर्धा दिवस काढून आला होता. बसस्टॉपवर उभा राहून त्याने आधी ऐकून घेतलं, मग त्याचा तोल गेला.

“म्हणजे तुझ्या त्या नारळामुळे? आई, काय गं हे!”

“तेव्हा कमाल आहेस म्हणालास ना?”

“मला काय माहीत ते खरंच धरून बसतील! मला तर ते काका म्हणतात.”

“काका तू त्यांना म्हणतोस. ते तुला पाहुणा म्हणतात.”

सिद्धेशला हसू आलं, आणि मग ते हसू भलतीकडेच गेलं. त्याने मनगटाने डोळे पुसले. टाक्यांची खूण अजून लाल होती. “घरी आणूया का?” तो म्हणाला. “सही मी केली, मीच रद्द करतो.”

काकींना कठड्यावरचा पाय दिसला. त्या म्हणाल्या, “आणलं तर काय होईल ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे.”

बस आली. ती त्यांनी सोडली आणि त्या परत आत गेल्या. डॉक्टर निघण्याच्या तयारीत होत्या. काकींनी उभ्या उभ्याच सांगितलं, जमेल तसं, मागचं पुढे आणि पुढचं मागे. डॉक्टरांनी पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली.

“म्हणजे ते जेवण नाकारत नाहीयेत. वाट बघतायत.”

“हो.”

“आणि मी विषाचा संशय लिहून ठेवलाय.” त्यांनी कपाळ चोळलं. “नारळ मात्र कोणा पेशंटच्या हातात राहता कामा नये. चंद्रप्रकाश धरेल. उद्या राउंडनंतर. आणि मावशी, त्याने नाही झालं तर मी नळी थांबवू शकणार नाही.”

दुसऱ्या दिवशी काकी स्वतःही काही न खाता आल्या. पिशवीत नारळ, विड्याची पानं, सुपारी, मूठभर तांदूळ. स्टीलच्या जेवणाच्या टेबलावर चंद्रप्रकाशने तांदळांवर नारळ ठेवला आणि एका हाताने तो धरून उभा राहिला. डॉक्टर भिंतीशी होत्या. नंदकुमार उशी काखेत मारून पुढे आले.

“खातं उघडायचंय?” त्यांनी विचारलं.

“गाऱ्हाणं आहे,” काकी म्हणाल्या. “तुम्ही फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.”

“मॅनेजरची परवानगी आहे?”

“आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

नानांना नारळ दिसला आणि त्यांची पाठ सरळ झाली. वॉर्डातल्या नर्सने हात दिला तो त्यांनी नाकारला. ते टेबलापाशी आले, टोपी सारखी केली, टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला, हात जोडले. आवाज आला, तोच, खर्जातला.

“बा देवा म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” काकी म्हणाल्या. चंद्रप्रकाशही म्हणाला.

“बा देवा… म्हाराजा…”

पुढचं आलं नाही.

नानांचे ओठ हलत राहिले. त्यांनी नारळाकडे बघितलं, नारळ धरणाऱ्या हाताकडे बघितलं. एवढ्या माणसांसमोर उभं राहून शब्द न आठवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी वळून काकींकडे पाहिलं. त्या नजरेत आजार नव्हता. लाज होती. ते सगळ्यात वाईट होतं.

बायकांनी गाऱ्हाणं घालण्याची रीत नव्हती. काकींनी कधी घातलं नव्हतं, कोणा बाईने घातलेलं ऐकलंही नव्हतं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि नानांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

“बा देवा म्हाराजा! बारा वाटेच्या, बारा पानवठ्याच्या धन्या म्हाराजा!”

नानांनी दचकून बघितलं. मग त्यांच्या तोंडून आलं, “व्हय म्हाराजा.”

“आज ह्या मुलुंडाच्या घरात तुका नारळ ठेवलो हा, तो मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” नानांचा आवाज मोकळा झाला. नंदकुमारांनी उशी खाली ठेवून हात जोडले.

पुढे घरच्यांची मागणी असते. नाना यजमानाचं नाव घेत, घराचं नाव घेत. काकींनी कोणाचंच नाव घेतलं नाही.

“हंय एक म्हातारो इलो हा. तेची वाट हरवली हा. तेका फसवन हंय हाडल्यानी, ता ज्येनी केला तेका माफी दी. तेच्या हातसून जा काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” नाना म्हणाले. मनापासून म्हणाले, दुसऱ्या कोणासाठी म्हणावं तसं.

“तेचे हात कोणाक बांधूचे लागू नयेत. चार शिता तेच्या पोटात जावंदेत. तेका आपलो उंबरो परत गावांदेत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी सगळा वॉर्ड म्हणाला. कोपऱ्यातले एक आजोबा ओरडूनच म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या की नाही ते काकींनी बघितलं नाही.

चंद्रप्रकाश नारळ खाली नेऊन फोडून घेऊन आला. नानांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, मग खाटेवर बसून डब्यातला भात खाल्ला. घास लहान होते, शितं शर्टावर पडत होती. डब्यात थोडाच भात उरला तेव्हा डॉक्टर मान हलवून निघून गेल्या. नर्सने गोळ्या दिल्या, त्याही नानांनी मुकाट्याने घेतल्या.

मग त्यांनी हात धुतले. टेबलावरची नारळाची वाटी उचलली, टॉवेलात नीट गुंडाळली आणि काकींच्या हातात दिली.

“बरा घातलंस,” ते म्हणाले. आणि मग, कित्येक महिन्यांनी, “काम झाला, मालन. चल आता घराक.”

काकींच्या हातात टॉवेल तसाच राहिला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. गाऱ्हाणं झालं की माणूस घरी जातो.

“अवो, जरा पडा. मगे जावया.”

“दुसऱ्याच्या घरात जेवन वर झोपूचा?” नाना हसले. वाकून खाटेखाली बघायला लागले. “चपला खय ठेवल्यानी?”

चंद्रप्रकाश दाराशी आला. भेटीची वेळ संपली होती. त्याने घड्याळाकडे बोट केलं नाही, नुसता उभा राहिला. काकींनी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

“तू पुढे हो,” नाना खाटेखालूनच म्हणाले. “मी चपला बघून येतंय.”

“सावकाश बघा,” काकी म्हणाल्या. “मी खाली आसंय.”

दार लागलं. काचेतून त्यांना दिसलं, नाना नंदकुमारांच्या खाटेखाली बघत होते आणि नंदकुमारही वाकून त्यांना मदत करत होते.

काकी खाली आल्या. सिद्धेशचा फोन आला. “जेवले,” त्या म्हणाल्या. “हो, गोळ्या पण घेतल्या.” तिकडून त्याने मोठ्याने श्वास सोडलेला ऐकू आला. “दीप्तीला सांगतो. तू निघालीस ना?”

“निघते थोड्या वेळाने.”

जिन्याच्या पायथ्याशी एक बाकडं होतं. काउंटरमागच्या फळीवर नानांच्या चपलांची पिशवी दिसत होती. काकी बाकड्यावर बसल्या आणि ओला टॉवेल मांडीवर घेतला. खाली आहे म्हणून सांगितलं होतं. फाटक बंद करायला माणूस येईपर्यंत तरी ते खरं राहणार होतं.